स्तनाचा कॅन्सर: ऑपरेशनची तारीख घेण्याआधी



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा वेगळी होती. माणूस निवृत्त कर्नल आहे, सिग्नल्समध्ये २८ वर्षं काढलीत, म्हणजे काश्मीरबद्दल बोलेल, बर्फाबद्दल बोलेल. ते मी तीन-चार ठिकाणी बोललोय आणि खरं सांगायचं तर दर वेळी बर्फ थोडा वाढत गेलाय. आज मी माझ्या बायकोच्या स्तनाच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहे. तिला विचारून बोलतोय. तिने एकच अट घातली आहे: 'झुंज', 'रणरागिणी' असले शब्द वापरायचे नाहीत. "मी आजारी पडले होते, उपचार घेतले, एवढंच सांगा," म्हणाली. ती गणिताची शिक्षिका होती. जास्तीचे शब्द तिला पूर्वीपासून खपत नाहीत.

बोलायचं कारण असं. निवृत्तीनंतर आम्ही महूला स्थायिक झालो. तिचं माहेर इंदूरचं, आणि महूला माझ्यासारखे निवृत्त फौजी गल्लोगल्ली. तिचं आजारपण सगळ्यांना माहीत झालं, तेव्हापासून मला फोन येतात. बडोद्याहून, सिकंदराबादहून, एकदा तर जोरहाटहून. "सर, मिसेसला गाठ निघालीय. ऑपरेशन कुठे करू?" माणूस अनोळखी असला तरी सूर माझ्या ओळखीचा असतो, कारण २०१९ साली मीही हेच विचारत फिरत होतो. कुठे करू आणि केव्हा करू. काय करायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. स्तनाचा कॅन्सर म्हणजे स्तन काढायचा, त्यात विचारायचं काय?

मी डॉक्टर नाही, विज्ञानाचा साधा पदवीधर आहे. माझं ऐकून कुणी औषध ठरवू नये. डॉक्टरांना काय विचारायचं, तेवढं ठरवावं.

मे महिन्यात अंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या बाजूला गाठ लागली. दुखत नव्हती. ती कुणालाही बोलली नाही, कारण जूनअखेर नातीचा पहिला वाढदिवस होता आणि मुलगी-जावई घरी यायचे होते. पाहुणे गेल्यावर, ताटं पुसून ठेवताना तिने मला सांगितलं. सहा आठवडे गेले होते. हे सहा आठवडे लक्षात ठेवा, पुढे त्यांचा हिशोब आहे.

मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. गाठ २.८ सेंटिमीटर. काखेत सोनोग्राफीत काही दिसलं नाही. मग बायोप्सी सांगितली आणि घरात पहिला गोंधळ झाला. इंदूरच्या एका मावसबहिणीचं म्हणणं, सुई लावली की पसरतो. आपल्याकडे हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की शिकलेली माणसंही गप्प बसतात. जाड सुईने गाठीचे बारीक तुकडे घेतात, त्याला कोअर बायोप्सी म्हणतात, आणि त्याने कॅन्सर पसरत नाही. उलट सुई न लावता 'गाठ काढून टाकू, मग बघू' म्हणून छोट्या गावात जे ऑपरेशन केलं जातं, त्यानेच पुढे अडचण होते. माझ्या एका जुन्या सुभेदार साहेबांच्या पत्नीचं तसंच झालं. गाठ निघाली, कडेला कॅन्सर राहिला, निघालेली गाठ नीट तपासायला गेली नाही आणि मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर तिथले डॉक्टर विचारतात, "गाठ केवढी होती? कोणत्या प्रकारची?" उत्तर कुणाकडेच नाही. दुसरं ऑपरेशन करावं लागलं.

आमचा रिपोर्ट आला. कॅन्सर होता. मी रिपोर्टचा तेवढाच एक शब्द वाचला आणि गाडी काढली. इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात सर्जनला भेटलो. त्यांनी तपासलं, फिल्म पाहिली आणि म्हणाले, "पूर्ण स्तन काढू, काखेतल्या गाठी काढू, निश्चिंत व्हा. गुरुवार मोकळा आहे." मी म्हटलं, "गुरुवार नक्की." मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. कारवाई ठरली, तारीख ठरली. आता फक्त अंमलबजावणी.

बायको मात्र रिपोर्टचा दुसरा कागद हातात धरून बसली होती. तिने विचारलं, "डॉक्टर, हे हर-टू दोन प्लस, इक्विव्होकल लिहिलंय, ते काय आहे?"

"ते नंतर बघू."

"नंतर म्हणजे काढून झाल्यावर?"

ते हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. येताना राऊपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, "तारीख तुम्ही दिलीत. मला विचारलं नाहीत." मी म्हटलं, "अगं, यात विचारायचं काय? एकेक दिवस महत्त्वाचा आहे." ती म्हणाली, "मी सहा आठवडे गप्प बसले. त्या हिशोबात हे दहा दिवस काय आहेत? त्या दोन प्लसचा अर्थ कळेपर्यंत मी टेबलावर झोपणार नाही."

त्या सर्जनला मी दोष देत नाही. घाई माझी होती आणि ती माझ्या तोंडावर दिसत असणार. समोरच्याला हवं ते उत्तर त्यांनी दिलं. पण तिचं गणित बरोबर होतं. स्तनाचा कॅन्सर हातात कळेपर्यंत बहुतेकदा पुष्कळ काळ शरीरात वाढलेला असतो. तपासण्या पूर्ण व्हायला लागणारे आठ-पंधरा दिवस म्हणजे हलगर्जी नव्हे. महिनोन्महिने लांबवणं वेगळं, आणि काही थोड्या रुग्णांत, जिथे स्तन लाल, गरम होऊन झपाट्याने सुजतो तिथे, खरोखर घाई करावी लागते. एरवी 'गुरुवार' ही वैद्यकीय निकड नसते. ती नवऱ्याची निकड असते.

आता तो दुसरा कागद. कुणाचाही रिपोर्ट असो, त्यावर तीन नावं शोधा: ईआर, पीआर आणि हर-टू. ती नसतील तर तपासणी अपुरी आहे. मी सिग्नल्सचा माणूस, मला हे एका ऑन्कोलॉजिस्ट बाईंनी समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत करून घेतलं, तसंच सांगतो. ईआर आणि पीआर हे पेशीतले रिसीव्हर आहेत. शरीरातल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचा संदेश ते पकडतात आणि कॅन्सरच्या पेशीला वाढीचा हुकूम मिळतो. बहुतेक बायकांच्या कॅन्सरमध्ये हे रिसीव्हर चालू असतात. ही बातमी चांगली, कारण मग दोन मार्ग मिळतात. टॅमॉक्सिफेन ही गोळी रिसीव्हर जाम करते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या ट्रान्समीटरच बंद करतात: पाळी गेल्यावर बाईच्या चरबीत थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, ते बनू देत नाहीत. पाळी चालू असताना नुसत्या या दुसऱ्या गोळ्या चालत नाहीत, कारण बीजांडकोश जोरात प्रक्षेपण करत असतात. म्हणून पाळी आहे की गेली, हे डॉक्टर विचारतात. ते ऐकून संकोचायचं कारण नाही, औषध त्यावर ठरतं.

हर-टू ही पेशीच्या बाहेरच्या भिंतीवरची अँटेना समजा. साधारण पेशीवर थोड्या असतात. काही कॅन्सरमध्ये या अँटेनांचं जंगल असतं आणि तो कॅन्सर जोरात वाढतो. रिपोर्टवर शून्य किंवा एक प्लस असेल तर जंगल नाही, तीन प्लस असेल तर आहे. दोन प्लस म्हणजे सांगता येत नाही. तेव्हा त्याच तुकड्यावर फिश नावाची पुढची चाचणी करतात. 'इक्विव्होकल' या शब्दाचा एवढाच अर्थ होता: अजून उत्तर आलेलं नाही. आणि उत्तर न येता मी गुरुवार पक्का करून आलो होतो. नोकरीत एखाद्या कॅप्टनने अर्धवट संदेशावर हालचाल सुरू केली असती तर मी त्याला उभा आडवा घेतला असता.

तिन्ही नसतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तिथे जाम करायला काही नाही, गोळ्यांचा उपयोग नाही, मुख्य भिस्त केमोथेरपीवर. अलीकडे काही रुग्णांत त्याच्या जोडीला इम्युनोथेरपी देतात. हा प्रकार तरुण वयात जास्त दिसतो आणि अशा वेळी आनुवंशिक दोषाची, म्हणजे बीआरसीए जनुकांची तपासणी करायला सांगतात. आमच्या मुलीने हैदराबादहून पहिला प्रश्न हाच विचारला होता, "बाबा, मलाही होईल का?" आईचं वय ५८, घराण्यात कुणाला नाही, प्रकार वेगळा, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ती तपासणी लागत नाही असं सांगितलं. पण मुलीने विचारलं हे बरं केलं.

फिशचा रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी घरातले सगळे पंखे पुसले. हर-टू पॉझिटिव्ह आलं आणि अख्खी योजना उलटी झाली.

दोन सेंटिमीटरहून मोठी गाठ आणि हर-टू पॉझिटिव्ह असेल तर बहुतेक वेळा आधी औषधं आणि नंतर ऑपरेशन, असा क्रम घेतात. मला हे पटायला जड गेलं. शत्रू घरात बसलाय आणि दार लावायचं सोडून त्याला आत ठेवून औषध देत बसायचं? (शब्द वापरला. ती व्हिडिओ बघेल तेव्हा ऐकून घेईन.) ऑन्कोलॉजिस्ट बाईंनी कारण सांगितलं. एक तर गाठ लहान होते, मग स्तन वाचवता येतो. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: औषध लागू पडतंय की नाही, हे डोळ्यांनी दिसतं. गाठ आधीच काढली तर औषध कशावर काम करतंय ते कळायला जागाच उरत नाही. ऑपरेशनच्या वेळी निघालेल्या तुकड्यात जिवंत कॅन्सर राहिलेला दिसला, तर पुढे त्याच औषधाला केमो जोडलेलं दुसरं, जास्त कडक औषध देता येतं. गुरुवारी ऑपरेशन झालं असतं तर ही माहिती आम्ही कायमची गमावली असती.

हे ऐकूनही मी दुसरं मत घेतलं. फौजी माणूस, दोन ठिकाणाहून खातरजमा झाल्याशिवाय झोप लागत नाही. दुसरं मत म्हणजे डॉक्टरांचा अपमान नाही, चांगले डॉक्टर स्वतःच घ्या म्हणतात. फक्त हात हलवत जाऊ नका. बायोप्सीच्या काचा आणि मेणातले ठोकळे, त्यांना ब्लॉक म्हणतात, ते लॅबकडून मागून घ्या, मागितल्यावर मिळतात. दुसरीकडे तेच पुन्हा तपासतात. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं लेखी मत 'नव्या' नावाच्या सेवेतून घरबसल्या मिळतं, कागद ऑनलाइन पाठवायचे. जोरहाटच्या त्या माणसाला मी हेच सांगितलं. मुंबईला येऊन परळच्या फुटपाथवर दिवस काढण्याआधी निदान कळतं की यायची गरज आहे का. आणि एक, पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या प्रत्येकीला पेट स्कॅन लागत नाही. लक्षणं नसताना 'करूनच टाकू' म्हणून केलेल्या स्कॅनमध्ये काहीतरी ठिपका दिसतो आणि त्याच्या मागे महिना जातो.

आता आमच्या खऱ्या भांडणाकडे येतो. औषधांचा क्रम मी मान्य केला, पण माझं म्हणणं होतं की नंतर तरी पूर्ण स्तन काढायचा. ५८ वर्षांच्या बाईला काय करायचाय तो? हे वाक्य मी बोललो. नवऱ्याच्या तोंडून येणारं याहून वाईट वाक्य मला सुचत नाही. ती म्हणाली, "तुमचा नाहीये."

मला वाटायचं, जास्त काढलं म्हणजे जास्त सुरक्षित. ही समजूत माझ्या एकट्याची नव्हती, शंभर वर्षं सर्जनचीही होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाल्टिमोरमध्ये विल्यम हॉलस्टेड नावाच्या सर्जनने स्तन, छातीचे स्नायू आणि काख असं सगळं काढण्याची पद्धत रूढ केली. कॅन्सर पायरीपायरीने बाहेर सरकतो, म्हणून लांबवर कापलं की संपला, अशी कल्पना. बायकांचा हात सुजायचा, छाती खोलगट व्हायची, पण दुसरं काही सिद्ध नव्हतं. मग १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी, या दोघांनी वेगवेगळ्या चाचण्या सुरू केल्या. काही बायकांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढून रेडिएशन दिलं. आणि मग वीस वर्षं वाट पाहिली. २००२ साली दोन्हींचे निकाल एकदमच छापून आले. वीस वर्षांनी जगण्यात फरक नव्हता.

फिशरच्या चाचणीत आणखी एक गट होता: गाठ काढली पण रेडिएशन दिलं नाही. त्यांच्यात वीस वर्षांत शंभरातल्या ३९ जणींना त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. रेडिएशन घेतलेल्यांत १४ जणींना. म्हणजे स्तन वाचवायचा तर रेडिएशन हा त्या सौद्याचा भाग आहे, तो सोडता येत नाही. गाठ काढून 'आता बरं वाटतंय' म्हणून रेडिएशनला न जाणाऱ्या बायका आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

हे सगळं मी वाचलं, समजलं, आणि तरीही मला पूर्ण काढायला हवा होता. तेव्हा कुठे मला कळलं की मी तिची काळजी म्हणून बोलत नव्हतो. मला रोज रात्री शंका नको होती. माझ्या झोपेसाठी मी तिच्या शरीराचा भाग मागत होतो.

म्हणून स्तन वाचवणं हेच बरोबर, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. गाठी वेगवेगळ्या भागांत असतील, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल, त्या बाजूला पूर्वी रेडिएशन झालेलं असेल, तर पूर्ण काढणंच योग्य ठरतं. रेडिएशनचं मशीन घरापासून तीनशे किलोमीटरवर असेल आणि तिथे राहायची सोय नसेल, तर तेही कारण खरं आहे. आमच्या ओळखीतल्या एका हवालदाराच्या पत्नीने, स्तन वाचत असूनही, पूर्ण काढायचं ठरवलं. म्हणाली, दर वर्षी मॅमोग्राफीच्या आधी मला झोप लागणार नाही. तिचा निर्णय शंभर टक्के बरोबर. माझ्या बायकोच्या आणि तिच्या निर्णयात एकच गोष्ट सारखी आहे, दोन्ही निर्णय बायकांनी स्वतः घेतले. काढलेला स्तन पुन्हा बनवण्याची शस्त्रक्रियाही असते, आणि ती त्याच वेळी करायची असेल तर आधी विचारावं लागतं, नंतर नाही.

केमो ऑगस्टमध्ये सुरू झाली. तीन आठवड्यांनी एक, अशा सहा. आधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवली, कारण औषधाने गाठ विरघळली तर सर्जनला जागा सापडायला हवी. केस सतराव्या दिवशी उशीवर दिसले. माझं केस कापायचं मशीन घेऊन तिने मला अंगणात बसवलं, म्हणजे स्वतः बसली आणि मला उभं केलं. म्हणाली, "आयुष्यभर जवानांचे केस तपासलेत ना, आता कापा." तिच्या टाळूवर लहानपणीची एक खूण आहे, ती मला ३३ वर्षांत माहीत नव्हती.

दुसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी रात्री साडेदहाला १०१ ताप. मी म्हटलं, क्रोसिन घे, सकाळी बघू. तिने फ्रिजवर लावलेल्या कागदाकडे बोट दाखवलं: १००.४ च्या वर ताप गेला तर ताबडतोब रुग्णालय. केमोने पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा साधा जंतूही जिवावर बेततो आणि गोळीने ताप उतरला तर आजार लपतो. तिच्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या. पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक. सकाळपर्यंत थांबलो असतो तर, हा विचार मी करत नाही.

सगळ्यांनाच केमो लागते असंही नाही. रिसीव्हर चालू, हर-टू निगेटिव्ह, काखेतल्या गाठी स्वच्छ, अशा बायकांसाठी गाठीतली जनुकं तपासून केमोचा फायदा होईल का ते सांगणाऱ्या चाचण्या आहेत. दहा हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल २०१८ मध्ये आला. अशा प्रकारच्या कॅन्सरमध्ये, पन्नाशीच्या पुढे आणि चाचणीचा आकडा मधला असताना, केमो न घेतलेल्या बायका केमो घेतलेल्यांइतक्याच चांगल्या राहिल्या. चाचणी महाग आहे, पण "मला केमोचा फायदा शंभरात किती?" हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

केमोबरोबरच ट्रास्टुझुमॅब सुरू झालं, अँटेना बंद करणारं औषध. ते एकूण एक वर्ष घ्यायचं असतं, दर तीन आठवड्यांनी, आणि हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून मधूनमधून इको. हे औषध पूर्वी आपल्याकडे मोजक्या लोकांनाच परवडायचं. २०१४ पासून भारतीय बनावटीचं मिळू लागलं आणि किंमत उतरली. आमचा बराचसा खर्च ईसीएचएसने उचलला. निवृत्त फौजींना माझी विनंती, कार्ड आणि रेफरल आधी, उपचार नंतर, कारण मागून कागद जुळवणं फार कठीण. ज्यांच्याकडे आयुष्मान कार्ड आहे त्यांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत आधार आहे. कोणतं औषध त्यात बसतं, ते पहिल्याच दिवशी विचारा.

डिसेंबरमध्ये ऑपरेशन झालं. फक्त क्लिपभोवतीचा भाग काढला. काखेतल्या सगळ्या गाठी न काढता, रंग टोचून त्या वाटेवरच्या पहिल्या दोन-चार तपासल्या, त्या स्वच्छ होत्या. गुरुवारच्या योजनेत सगळी काख जायची होती, आणि तशी काख काढली की पुढे हात सुजायचा धोका वाढतो. निघालेल्या तुकड्यात जिवंत कॅन्सर सापडला नाही. सगळ्यांचं असं होत नाही. पुष्कळांचा काही भाग राहतो आणि त्यांच्यासाठी पुढची औषधं असतात.

जानेवारीत रेडिएशन, तीन आठवडे, १५ दिवस. पूर्वी पाच-सहा आठवडे लागायचे. डावी बाजू म्हणून हृदय वाचवायला श्वास भरून रोखून धरायला शिकवलं. ती प्राणायाम करणारी, पहिल्याच दिवशी जमलं. मग मार्च २०२० आला. ट्रास्टुझुमॅबचे डोस शिल्लक, इंदूर पूर्ण बंद. पास खिशात, रिकामा महू-इंदूर रस्ता आणि मागच्या सीटवर दोन मास्क लावलेली बायको. एकही डोस चुकला नाही.

ज्यांचा कॅन्सर निदानाच्या वेळीच हाडात, यकृतात, फुप्फुसात पोचलेला असतो, त्यांच्या घरचे फोनवर रडतात, "डॉक्टर ऑपरेशनच करत नाहीत, सोडून दिलं." सोडून दिलेलं नसतं. अशा ३५० बायकांवर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये चाचणी झाली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. स्तन काढल्याने आयुष्य वाढलं नाही. तिथे औषधं हाच मुख्य उपचार असतो, आणि रिसीव्हर किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यावर अनेकींची वर्षं बरी जातात. तो दुसरा कागद तिथेही तितकाच कामाचा.

लेट्रोझोल २०२० मध्ये सुरू झालं, रोज एक गोळी, पाच वर्षं. सगळ्यात कंटाळवाणा उपचार हाच. सकाळी सांधे आखडायचे, हाडं ठिसूळ होत गेली, कॅल्शियम, चालणं, हाडांची तपासणी. कुणी बघायला येत नाही, कुणी डबा आणत नाही, आणि म्हणूनच पुष्कळ जणी गोळ्या मधेच सोडतात. २०२५ ला पाच वर्षं झाली तेव्हा डॉक्टरांनी पर्याय ठेवले: थांबा किंवा पुढे चालू ठेवा. फायदा-तोटा आकड्यांत सांगितला. तिने वहीत दोन रकाने केले, दोन दिवस बघितले आणि थांबायचं ठरवलं. मला संध्याकाळी सांगितलं. मी या वेळी काही बोललो नाही.

फोन अजून येतात. परवा बेळगावहून एकाचा आला. "सर, मिसेसचं ऑपरेशन सोमवारी ठरलंय, कुणी चांगला सर्जन..." मी विचारलं, ईआर, पीआर, हर-टू काय आलंय? तो म्हणाला, ते कागद कुठेतरी आहेत. मी म्हटलं, ते शोधा, आणि वहिनींना फोन द्या. मग मी माझा फोन बायकोच्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेलो. चाळीस मिनिटं बोलत होत्या दोघी. चहा दोनदा गरम केला.